आधी गळती, मग ब्रेक

कऱ्हाडला कोल्हापूर नाक्याच्या अलीकडे आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गॅरेज होतं. पत्र्याची शेड, एक खड्डा आणि खड्ड्यावर कायम एखादी जीप. गॅरेजच्या वह्या मी शाळेत असल्यापासून लिहायची, कारण आबांनी स्वतः लिहिलेलं दुसऱ्या दिवशी आबांनाही लागत नसे. त्या वह्या आज चाळल्या तर कंटाळा यावा इतक्या वेळा दोन ओळी एकाखाली एक सापडतात : ‘हँडब्रेक धरत नाही’ आणि ‘खालून ऑईल टाकते’. गाडी कधी कचेरीची, कधी साखर कारखान्याच्या शेतकी विभागाची, कधी दवाखान्याची, ओळी त्याच. ड्रायव्हर त्या दोन तक्रारी म्हणून सांगायचा, मीही दोन म्हणून लिहायची. आबा हिशेबाला मात्र एकच आकडा टाकायचे.

महाराष्ट्रातल्या जीपचा इतिहास कुणी लिहायला घेतला तर तो महिंद्रच्या माझगावच्या कारखान्यापासून सुरू होईल, पुढाऱ्यांच्या प्रचारदौऱ्यांवर येईल आणि बोलेरोपाशी संपेल. माझ्या मते तो त्या एका आकड्याच्या बाजूनं लिहायला हवा. जीप गावापर्यंत पोचली ती चारही चाकांना ताकद होती म्हणून, हे खरंच. पण वीस-वीस, तीस-तीस वर्षं ती गावात चालत राहिली ती तालुक्याच्या मिस्त्रीमुळे. आणि मिस्त्री मिस्त्री आहे की नुसता पाने फिरवणारा, हे हँडब्रेक आणि ऑईल यांचं नातं त्याला उमगलंय का, यावरून कळायचं.

हे नातं जीपच्या जन्मापासूनचं. साध्या मोटारीत हँडब्रेकची तार मागच्या दोन चाकांच्या ड्रमपर्यंत जाते. विलीज कंपनीनं १९४१ पासून अमेरिकन लष्करासाठी जी जीप बनवली, तिच्यात तसं नव्हतं. गिअरबॉक्सच्या मागं पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटून देणारी ट्रान्सफर केस, तिच्यातून मागच्या अंगाला निघणारा शाफ्ट आणि त्या शाफ्टच्या तोंडाशीच एक छोटा ड्रम. हँडब्रेक तिथं. सुरुवातीच्या गाड्यांत ड्रमला बाहेरून पट्टा आवळला जायचा. पुढे आतून फुलणारे शू आले. डॅशबोर्डखालची मूठ ओढली की तार ताणायची, ड्रम पकडला जायचा, ड्रमबरोबर प्रॉपेलर शाफ्ट थांबायचा आणि शाफ्टबरोबर मागची चाकं. सोडताना मूठ पिळायची. यातली हुशारी अशी, की डिफरन्शियलमध्ये गिअरचं जे प्रमाण असतं – पुढे आपल्याकडे रुळलेल्या सीजे-३बी जीपमध्ये ते ५.३८ होतं – तितक्या पटीनं ब्रेकची पकड चाकापर्यंत पोचताना वाढते. म्हणून वितीपेक्षाही लहान ड्रम माणसांनी भरलेली जीप घाटात धरून ठेवू शकायचा. शिवाय चाकं चिखलात बुडाली, ओढ्यातून गेली, तरी हा ब्रेक वर, सुरक्षित.

सुरक्षित म्हणजे पाण्यापासून. ट्रान्सफर केसमध्ये ९० नंबरचं गिअर ऑईल असतं आणि ते बाहेर येऊ नये म्हणून शाफ्टच्या तोंडाशी ऑईल सील असतं. सीलच्या अलीकडे ऑईल, पलीकडे ब्रेकचा ड्रम. मधे दुसरं काही नाही. सीलची कड झिजली की ऑईलला जायला सगळ्यात जवळची जागा म्हणजे हँडब्रेकचे लायनर. लायनर एकदा ऑईल प्यायला की तार कितीही ताणा, ड्रम त्याच्यावरून घसरत राहतो. इंग्लंडच्या लँड रोव्हरनंही हीच मांडणी उचलली आणि डिफेंडरचं उत्पादन २०१६ मध्ये थांबेपर्यंत सोडली नाही. तिथल्या मिस्त्रींच्या वह्यांतही आमच्यासारख्याच ओळी असणार, याबद्दल मला शंका नाही.

आबा हे काम शिकले ते युद्धात. १९४३ साली हिंदी सैन्यात इंडियन इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स हे नवं दळ उभं राहिलं. आज आपण त्याला ईएमई म्हणतो. सातारा जिल्हा तसा पलटणींचा. अपशिंग्यासारख्या गावाला नावापुढे ‘मिलिटरी’ लागलेलं आहे ते उगाच नाही. घरटी माणूस बंदूक घेऊन गेला असं सांगतात. पाना घेऊन गेलेल्यांची आठवण कुणी ठेवत नाही. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धाच्या काळात सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या आणि त्यांतल्या पुष्कळ ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आल्या. तिथं तर जीपला रेल्वेची चाकं बसवून तिच्याकडून वाघिणीही ओढून घेतल्या. पाऊस, चिखल, डोंगर आणि सुटे भाग नाहीत, अशा चार अडचणींत जी पोरं शिकली ती १९४६ साली सैन्यातून मोकळी होऊन घरी आली, तेव्हा त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण ट्रान्सफर केस उघडता येत होती. पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या किती तरी गावांत पहिलं मोटार गॅरेज काढणारा माणूस असा सैन्यातून आलेला निघतो. त्याच्या मागोमाग लष्करी लिलावातल्या जुन्या जीपही आल्या. हिरवा रंग खरवडून मालक निळा किंवा पिवळा मारायचे. बॉनेट उघडलं की आत हिरवाच.

नवी जीप आली ती मुंबईहून. महिंद्र बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर १९४५ साली लुधियान्यात ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीच्या नावातला मोहम्मद जाऊन दुसरा महिंद्र आला. १९४७ मध्ये विलीजच्या पंचाहत्तर गाड्या सुट्या भागांत मुंबई बंदरात उतरल्या. मग माझगावला जोडणी सुरू झाली आणि पुढच्या दशकात इथंच भाग बनवण्याचा करार झाला. १९४८ च्या सुमारास लंडनमधून जुन्या, दुरुस्त केलेल्या जीप घेण्याचा ऐंशी लाखांचा तो प्रसिद्ध व्यवहारही झाला. त्यातल्या १५५ जीप मद्रासला पोचल्या त्या बिनकामाच्या निघाल्या आणि संसदेत गदारोळ झाला. स्वतंत्र भारताचा पहिला मोठा घोटाळा म्हणून तो सगळ्यांना माहीत आहे. आबा तो एका वाक्यात निकाली काढायचे : “जुनी गाडी कागदावर दुरुस्त करायला काय लागतंय!”

तालुक्याच्या गावात जीप दिसायला लागली ती सरकारी कामामुळे. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास योजना सुरू झाली, विकास गट पाडले गेले आणि गटाला जीप मिळाली. १९५३ पासून हिवतापाची मोहीम, फवारणीवाल्यांना जीप. प्राथमिक आरोग्य केंद्रांना युनिसेफकडून जीप. १९६२ साली जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, त्यांना जीप. आमच्या बाजूला या सगळ्यावर कोयना धरणाचं काम. पाटणकडच्या रस्त्यावर धुरळा नाहीतर चिखल, तिसरं काही नसायचं. कोयनानगरला वर्षाचा पाऊस दोनशे इंचांच्या घरात. हेळवाक सोडून कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरायचं तर पावसाळ्यात ढगातूनच जावं लागतं.

अशा मुलखात सील का जातात, हे समजून घ्यायला हवं. नाहीतर दोष नुसता रबराला देऊन माणूस मोकळा होतो. ट्रान्सफर केसला वरच्या अंगाला एक बारीकसा ब्रीदर असतो, श्वास घ्यायचं भोक. गाडी चालली की ऑईल तापतं, आतली हवा फुगते आणि त्या भोकातून बाहेर जाते. पाटणच्या खोऱ्यातली तांबडी माती पहिल्या पावसातच ते भोक बुजवते. मग फुगलेली हवा दुसरी वाट शोधते, आणि सगळ्यात कमजोर वाट म्हणजे सील. पुढे गाडी तशीच तापलेली ओढ्यात घातली की आतली हवा एकदम आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. खालचा बूच उघडल्यावर ऑईल दूध घातलेल्या चहासारखं निघालं, की आबा ड्रायव्हरला न विचारता ओढ्याचं नाव सांगायचे. ड्रायव्हर ओशाळायचा. साहेबांना लवकर घरी जायचं होतं, हे त्याचं ठरलेलं उत्तर.

ऑईल नेमकं कुठून येतंय, हे शोधणं हा खरा कसबाचा भाग. चालत्या गाडीखालचा वारा ऑईल पसरवत नेतो. क्रँकच्या मागच्या दोरीतून निघालेलं इंजिनचं ऑईल गिअरबॉक्सच्या पोटाखालून सरकत ट्रान्सफर केसपर्यंत येतं आणि नवा पोऱ्या ट्रान्सफर केसच उघडून बसतो. ‘दोरी’ म्हणजे खरोखरच दोरी : जुन्या इंजिनांत क्रँकच्या मागच्या बेअरिंगपाशी रबरी सीलऐवजी ठासून बसवलेली विणीव पॅकिंग असायची. अँबेसेडरच्या जुन्या इंजिनात तर तेवढंही नव्हतं. क्रँकवर उलटे आटे कापलेले, ते ऑईल आत परतवतात अशी कल्पना. इंजिन फिरतंय तोवर परतवायचेही. बंद झालं की थेंब ठरलेला.

आबांची पद्धत अशी होती. आधी गाडीचं पोट रॉकेल आणि तारेच्या ब्रशनं धुवायचं, चिंधीनं कोरडं करायचं. मग खडूची पूड फुंकायची. खडू मी शाळेतून आणायची. फळ्याखाली पडलेले तुकडे, बाईंना विचारून. गाडी वारुंजीपर्यंत नेऊन आणायची आणि खड्ड्यात उतरून दिव्यानं बघायचं. पांढऱ्या पुडीवर ओलीची रेघ जिथून सुरू होते तिथं दुखणं. रात्रभर गाडी ठेवायची असली तर खाली ‘पुढारी’चा जुना अंक पसरायचा. सकाळी कागदावर काळा डाग म्हणजे इंजिन, पिवळसर चिकट डाग आणि गंधकासारखा वास म्हणजे गिअर ऑईल, आणि चाकाच्या आतल्या बाजूला बिनरंगी डाग असेल तर ब्रेक ऑईल. मग मात्र गाडी बाहेर सोडायची नाही. मला वास ओळखता येतो याचं आबांना भारी कौतुक होतं, आणि आईला तितकीच काळजी.

गळती मागच्या सीलाचीच ठरली तरी काम सरळ नसायचं. प्रॉपेलर शाफ्ट सोडायचा, ड्रम काढायचा, शाफ्ट ज्याला जोडतात त्या योकचा मोठा नट सोडून योक ओढून घ्यायचं. इथं अर्धवट शिकलेला मिस्त्री जुनं सील उचकटतो, नवं ठोकतो आणि पैसे घेतो. महिन्याभरात गाडी परत. कारण सील ज्याच्यावर घासतं त्या योकच्या गळ्यावरच वर्षानुवर्षांच्या घासणीनं खाच पडलेली असते. नवं सील त्याच खाचेवर बसलं तर त्याची कड टेकतच नाही. नखानं चाचपून खाच लागली की आबा योक कोल्हापूरला पाठवायचे, उद्यमनगरात. तिथं गळा वेल्डिंगनं भरून लेथवर उतरवून मिळायचा, किंवा बाही बसवून मिळायची. कोल्हापूरच्या त्या लेथवाल्यांवर खरं तर वेगळं लिहायला हवं. निम्म्या महाराष्ट्राची यंत्रं त्यांनी आयातीच्या बंदीच्या काळात चालती ठेवली.

दुसरं कारण याहून आत लपलेलं. मागचा शाफ्ट दोन टेपर बेअरिंगवर फिरतो आणि त्याचा मागं-पुढं हलायचा खेळ मागच्या कॅपखालच्या शिमा ठरवतात. पत्र्याच्या पातळ चकत्या त्या. हा खेळ चार ते आठ थाऊ असावा, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बेअरिंग झिजली की शाफ्ट डुलतो आणि डुलणाऱ्या शाफ्टवर जगातलं कुठलंही सील टिकत नाही. कॅप काढताना खाली किती शिमा होत्या हे मोजून ठेवायचं, कारण त्या पोऱ्यानं धुवायच्या डब्यात टाकल्या की हिशेब संपला. तिसरी वाट योकच्या स्प्लाइनची : सील ठणठणीत असतं, पण ऑईल योकच्या आतल्या खाचांतून येऊन नटाखालून पाझरतं आणि फिरता ड्रम ते चारी बाजूंना उडवतो. त्याला नटाच्या वायसरखाली शेलॅकचा हात. आणि चौथी, खालच्या इंटरमीजिएट शाफ्टची. जुन्या केसमध्ये त्याला सीलच नसे. शाफ्ट केसिंगमध्ये घट्ट बसलाय एवढ्याच भरवशावर ऑईल आत राहायचं. केसिंगचं भोक मोठं झालं की तो भरवसा गेला.

शिवाय या जीपमध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यात ऑईल आपोआप ये-जा करतं. एकीकडची पातळी बघून भरत बसलं तर दुसरीकडे जास्त होतं, आणि जास्तीचं ऑईल पुन्हा सीलवरच येतं. गळते म्हणून भरायचं, भरलं म्हणून गळते. कित्येक सरकारी जीप या चक्रात वर्षभर राहायच्या आणि स्टोअरच्या रजिस्टरात ऑईलचा खप वाढत जायचा.

सीलही त्या काळी आजच्यासारखी पेटीतून निघत नसत. लष्करी जीपची कित्येक सील चामड्याची. बसवण्याआधी तेलात मुरवून ठेवावी लागत. पुढच्या चाकांच्या गोळ्यावर नमद्याची पट्टी असायची. मुंबईहून माल यायला आठवडे लागत, पुण्याच्या नाना पेठेत मिळाला तर नशीब. त्यामुळे आबा नमद्याचा तुकडा जपून ठेवायचे, जनावराच्या जीनाखालचा असला तरी. पॅकिंग जाड कागदाचं, घरीच कापलेलं : कागद केसिंगवर धरून हातोडीच्या गोल तोंडानं कडेनं ठोकत गेलं की कागद आपोआप तुटतो आणि नटांची भोकंही पडतात. हे काम माझ्याकडे असायचं. वर्गातल्या मुली कशिदा काढायच्या, मी टी-९० गिअरबॉक्सची पॅकिंगं.

हे सगळं झाल्यावर मग ब्रेक. ऑईल प्यालेले लायनर बदलणं हाच खरा उपाय. पण लायनर महाग, म्हणून पेट्रोलनं धुवून, वर पेट्रोल शिंपडून, काडी लावून भाजायचे. आतलं ऑईल फसफसत वर येऊन जळायचं, काळा धूर निघायचा, आणि थंड झाल्यावर वरची काजळी एमरी कागदानं घासून काढायची. त्या काळचे लायनर अ‍ॅस्बेस्टॉसचे. पोरं ती पूड तोंडानं फुंकायची, कोपरानं नाक पुसायची. त्याबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि आबांच्या पिढीतले खोकणारे मिस्त्री तंबाखूला दोष देत गेले. शेवटी तार. बाहेरच्या नळीत गंज धरून ती निम्म्यातच अडकते. मूठ हातभर बाहेर येते आणि शू हलतही नाहीत. तार काढून, ऑईलमध्ये बुडवून, पुन्हा ओवून, मग ड्रमच्या भोकातून पेचकस घालून शू जुळवायचे. ड्रायव्हर मात्र आल्या-आल्या तारेचाच नट आवळायला सांगायचा. “मिस्त्री, नुसती तार ताणा, साहेब थांबल्यात.” त्यावर आबांचं उत्तर ठरलेलं : “आधी गळती, मग ब्रेक. घाई असंल तर दगड घेऊन जावा.”

दगडाचा हा टोमणा नव्हता. जीपमध्ये मागच्या सीटखाली दगड किंवा लाकडाचा ठोकळा असायचाच, आणि त्याला निष्काळजीपणा म्हणणं अन्याय आहे. ज्याचा हँडब्रेक नवाकोरा होता तोही ड्रायव्हर दगड ठेवायचा. कारण शाफ्टवरच्या ब्रेकचा एक स्वभाव आहे. तो शाफ्ट धरतो, चाक नव्हे. उतारावर पंक्चर झालं, मागचं एक चाक जॅकवर उचललं, की डिफरन्शियलमुळे ते अधांतरी चाक उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं होतं. हँडब्रेक पूर्ण ओढलेला, शाफ्ट जागच्या जागी घट्ट, आणि गाडी निघाली उताराला. फोर-व्हीलचा दांडा टाकला तर पुढची चाकंही धरली जातात, पण घाईत ते कोण आठवतो. तसंच शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस बदलायला प्रॉपेलर शाफ्ट सोडला की हँडब्रेक असून नसल्यासारखा. खड्ड्यावरच्या गाडीला चारी बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय आबा कुणाला खाली उतरू देत नसत. आणि चालत्या गाडीत कुणी घाबरून हँडब्रेक ओढलाच, तर सगळा झटका क्रॉसवर आणि मागच्या अ‍ॅक्सलवर. म्हणून जुने ड्रायव्हर तीन गोष्टी एकदम करायचे : गिअरमध्ये टाकायची, चाकं डोंगराच्या अंगाला वळवायची, किन्नरानं दगड लावायचा.

दगड लावायची सवय चांगली, उचलायची कुणाला नव्हती. घाटातल्या वळणांवर चाकाखालून काढून तिथंच टाकलेले दगड पडलेले असायचे आणि रात्री मागून येणारा मोटारसायकलवाला त्यांच्यावर आपटायचा. ही खोड ट्रकवाल्यांनी आजही सोडलेली नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला तेव्हा कऱ्हाडही हादरलं. त्या दिवसापासून पाटणच्या रस्त्याला जीपची रीघ लागली. सरकारी, खासगी, डॉक्टरांच्या. आमच्या शेडपुढं थांबणाऱ्यांपैकी कुणालाही सील बदलायला वेळ नव्हता. आबांनी पिंपातलं ९० नंबरचं ऑईल डब्यांत भरून दिलं आणि वखारीतनं लाकडी फाळकी आणवून त्यांचे पाचरीसारखे ठोकळे तासून घेतले. वहीत त्या आठवड्याची पानं कोरी आहेत. मी लिहायला बसले नाही, त्यांनीही विचारलं नाही.

या धंद्याचा भरभराटीचा काळ पुढचा, आणि तो सरकारनं नकळत आणला. खात्याची जीप म्हातारी झाली की ती निर्लेखित व्हायची आणि लिलावात निघायची. १९७३ च्या शेवटाला पेट्रोल भडकलं, तेव्हा पेट्रोलच्या जीपला गिऱ्हाईक राहिलं नाही. लिलावात ती आणखी स्वस्त झाली. ती उचलायची, पेट्रोलचं इंजिन काढून कुठलं तरी जुनं डिझेल इंजिन बसवायचं आणि गावाच्या फाट्यावर उभी करायची. आमच्याकडे तिला वडाप म्हणतात, इतर बाजूंना काळी-पिवळी. एसटी दिवसातून दोनदा येणार, जीप भरली की निघणार. आत दहा, मागं लोंबकळणारे पाच-सहा, बॉनेटवर तालमीतली पोरं. ऊसतोडीची माणसं, बाजाराच्या बायका, बाळंतीण, कॉलेजची मुलं, कोंबड्या. वडापवर पेपरांतून अग्रलेख लिहून आले, आणि बेकायदा म्हणून लिहिलेलं खोटं नव्हतं. पण मेढ्याच्या आणि ढेबेवाडीच्या खोऱ्यातल्या मुली पुढे शिकल्या त्यात या गाड्यांचा हात आहे, हे मी शिक्षिका म्हणून तीस-एक वर्षं हजेरीपटावर बघितलं आहे.

डिझेल इंजिन आणि दुपटीचं ओझं, यानं ट्रान्सफर केसची बेअरिंगं लवकर जायची. म्हणजे शाफ्ट डुलणार, म्हणजे सील जाणार, म्हणजे हँडब्रेक जाणार. वडापवाल्याला हँडब्रेकची आठवण वर्षातून एकदाच व्हायची : पासिंगला. आरटीओचा साहेब उतारावर गाडी उभी करून मूठ ओढायला सांगायचा. त्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे रांग. भाजलेले लायनर, घासलेला ड्रम, आवळलेली तार. दोन दिवस धरेल असा ब्रेक. आबांना हे काम आवडायचं नाही. तरी ते करायचे, कारण नाही म्हटलं तर तो माणूस दुसरीकडे जाऊन तेच करून घेणार, आणि इकडे निदान ब्रीदर तरी साफ होऊन जायचा. हे समर्थन मला तेव्हा पटलं नव्हतं. आता निम्मं पटतं.

अमेरिकेत जीपचा हा ब्रेक १९७२ मध्येच शाफ्टवरून मागच्या चाकांवर गेला. आपल्याकडे जुनी रीत बराच काळ चालली, आणि मग नव्या गाड्यांबरोबर हळूहळू गेली. चाकावर गेला म्हणून ऑईलनं पाठ सोडली असं नाही. अ‍ॅक्सलच्या टोकाचं सील फुटलं की डिफरन्शियलचं ऑईल मागच्या ड्रममध्ये येतं, आणि आता हँडब्रेकबरोबर त्या चाकाचा पायाचा ब्रेकही जातो. पण ती गळती चाकाच्या आतल्या भिंतीवर दिसते. शोधायला खडू लागत नाही.

गॅरेज आता धाकटा भाऊ चालवतो. जीपची कामं येतात ती हौशी लोकांची, पुण्याहून, बंगळूरहून. त्यांना युद्धातल्यासारखा रंग हवा असतो, बॉनेटवर पांढरा तारा हवा असतो. काहींना शाफ्टवर ड्रमऐवजी डिस्कचा हँडब्रेक हवा असतो. बाहेरून तसे संच मागवता येतात. भाऊ बसवून देतो, मात्र आधी शाफ्टचा खेळ डायलनं मोजतो आणि योकचा गळा दाखवून देतो. ऑईलचा थेंब डिस्कवर पडला तर ड्रमपेक्षा काही वेगळं होत नाही.

लिलावातून गाडी गावात येण्याची वाट मात्र बंद झाली. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते, आणि लष्कर वगैरे वगळता त्या नोंदणीकृत भंगार केंद्रात जाऊन मोडल्या जातात. धुराचा आणि अपघातांचा विचार केला तर नियम बरोबर आहे. मिस्त्रीच्या बाजूनं त्याचा अर्थ एवढाच, की खात्याच्या मोडक्या जीपमधून जो ट्रान्सफर केसचा, गिअरबॉक्सचा माल उतरायचा तो आता भट्टीत जातो. म्हणून भाऊ दिसेल तिथं केसिंग घेऊन ठेवतो. मागच्या वर्षी सांगलीत एका भंगारवाल्याकडे त्याला दोन मिळाली. दोन्हींचे मागचे कॅप फुटलेले होते, भावही अवाच्या सवा. तरी त्यानं घेतली, कारण एकाचं इंटरमीजिएट शाफ्टचं भोक अजून मापात होतं.